‘दहापैकी नऊ सुधारतात’ : एका न झालेल्या प्रवेशाचा प्रकरण अभ्यास

(मुलाचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही हलवले आहेत. आईबाबांनी लिहायला होकार दिला. मुलगा म्हणाला, “माझं नाव नको, बाबांचं चालेल.” तेही घेतलेलं नाही.)

घटक चाचणीचे पेपर वाटून दोनच दिवस झाले होते. ओंकारचे आईबाबा दोघंही एकत्र शाळेत आले, हीच नवलाची गोष्ट. बाबा बेस्टमध्ये वाहक, त्यांची पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची. आई विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या घरातून पोळीभाजीचे डबे देते, त्यामुळे सकाळी अकराच्या आत तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. बाबांनी माझ्या, म्हणजे शाळेच्या समुपदेशकाच्या, टेबलावर एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं. “मॅडम, ॲडमिशन नक्की करायचीय. तुमच्याकडून फक्त शाळेचं पत्र हवंय.”

कर्जतच्या पुढे कुठेतरी असलेलं हे निवासी केंद्र. ‘हट्टी, उलट बोलणाऱ्या, मोबाइलच्या आहारी गेलेल्या मुलांसाठी मानसोपचार, समुपदेशन व संस्कार.’ फोटोत रांगेत सूर्यनमस्कार घालणारी मुलं, एक घोडा आणि आईच्या पाया पडणारा एक मुलगा. किमान सहा महिने, महिन्याला पस्तीस हजार. पहिले पंचेचाळीस दिवस फोन नाही, भेट नाही. खाली लाल अक्षरांत : ‘दहापैकी नऊ मुलं सुधारतात.’

हे सगळं लिहितेय ते या एका वाक्यामुळे.

मुलगा

ओंकार दहावीत, वय पंधरा पूर्ण. आठवीपर्यंत वर्गात असून नसल्यासारखा. नववीत क्लास बुडवायला लागला, मग शाळा. आईच्या डब्यांच्या हिशेबातले पैसे तीनदा गेले. एकूण साडेचार हजार. टागोर नगरातल्या मित्राकडे रात्री राहायचा, फोन बंद. एकदा दप्तरात व्हेप सापडला. आणि जुलैमध्ये, बाबांनी हातातून मोबाइल हिसकावला तेव्हा त्याने बाबांना ढकललं. बाबांचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं, दोन टाके पडले.

टाके दोनच, पण त्यानंतर घरातल्या सगळ्यांची भाषा बदलली. मामा म्हणाले, “डोंगरीला टाका त्याला.” मुंबईतल्या मराठी घरांत ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डोंगरी म्हणजे उमरखाडीचा तो जुना तुरुंग. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर तिथे एकशे एक दिवस होते. पुढे तिथेच मुलांचं निरीक्षणगृह आलं, आणि ‘डोंगरी’ हा शब्द तुरुंगातून निघून थेट स्वयंपाकघरात येऊन बसला. मुलाला कुठेतरी ‘टाकलं’ की तो सरळ होतो, हा विश्वास त्या पत्रकाने निर्माण केलेला नव्हता. तो आधीपासून होता. पत्रकाने त्याला घोडा आणि योगासनं जोडली, एवढंच.

घरातली आणखी एक गोष्ट त्या दिवशी कोणी बोललं नाही, मला ती तीन आठवड्यांनी कळली. नववीच्या पहिल्या सत्रात ओंकारचे आजोबा वारले होते. सातव्या वर्षापासून तो त्यांच्याशेजारी झोपायचा.

माझं आधीचं पत्र

मी ते पत्र लगेच का दिलं नाही? शहाणपणामुळे नाही. चार वर्षांपूर्वी अशाच एका मुलासाठी मी असं पत्र दिलं होतं. केंद्र दुसरं होतं. तो मुलगा पाच महिन्यांनी परत आला तेव्हा वाकून नमस्कार करायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. त्याच्या आईने मला पेढे दिले. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, “बघा, फरक पडतो.” दिवाळीनंतर त्याने शाळा सोडली. नंतर कधीतरी तो मला कांजूरमार्ग स्टेशनवर भेटला. मी सहज विचारलं, “तिथे कसं होतं रे?” तो म्हणाला, “बाई, तिथे जो बोलतो त्याला जास्त दिवस ठेवतात.”

मी सुधारणा म्हणून जे पेढे खाल्ले ते बहुधा त्याच्या गप्प राहण्याचे होते. बहुधा म्हणते, कारण एका मुलाच्या एका वाक्यावरून मीही केंद्रावर निकाल देऊ शकत नाही. पण त्याच्या गप्पपणावरून मी आधी दिला होता, तो कुठल्या अधिकाराने?

फोन

मी बाबांना म्हटलं, “पत्र देते, पण आधी त्यांना आपण दोघं मिळून फोन करू.” स्पीकरवर लावला. व्यवस्थापक अतिशय गोड बोलणारे होते, हे मुद्दाम नोंदवते. ओरडणारा माणूस संशय निर्माण करतो. हे निर्माण होऊ देत नव्हते.

मी विचारलं, दहापैकी नऊ म्हणजे एकूण किती मुलांपैकी? “मॅडम, शेकडो मुलं गेली आमच्याकडून.” मध्येच ज्यांना आईवडील घेऊन गेले ती मुलं यात धरली आहेत का? “त्यांनी कोर्स पूर्णच केला नाही ना.” म्हणजे धरली नाहीत. सुधारली हे कोणी ठरवलं? “आमची टीम आणि पालक.” कधी? “निरोप समारंभाला फॉर्म भरून घेतो.” घरी गेल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने? “पालक फोन करतातच की, खूप छान वाटतं ऐकून.” जे फोन करत नाहीत त्यांचं? इथे थोडी शांतता, मग, “मी तुम्हाला पालकांचे व्हिडिओ पाठवतो.”

मग नोंदणीचं विचारलं. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला होता, आणि आयएसओ प्रमाणपत्रही होतं. बाबांनी माझ्याकडे ‘झालं ना समाधान?’ अशा नजरेने पाहिलं. धर्मादाय नोंदणीने ट्रस्ट अस्तित्वात आहे एवढंच कळतं. आयएसओचं प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीला मिळतं. बिस्किटांच्या कारखान्यालाही ते असू शकतं. मुलाच्या मनावर उपचार करायचा कोणाला अधिकार आहे, हे या दोन्ही कागदांत नसतं.

त्यासाठी मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. त्याचं कलम ८७ अल्पवयीनांच्या दाखल होण्याबद्दल आहे आणि पालकांनी ते एकदा तरी वाचावं. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अन्य मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. बहात्तर तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. आणि मुलाच्या प्रतिनिधीला, सहसा आईला किंवा वडिलांना, किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाला, पूर्ण मुक्कामभर मुलासोबत राहावं लागतं. पूर्ण मुक्कामभर. इथे पंचेचाळीस दिवस फोनसुद्धा नव्हता.

हे वाचून दाखवल्यावर व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, आम्ही हॉस्पिटल नाही. आम्ही उपचार करत नाही, संस्कार करतो.” मी पत्रकावरचा ‘मानसोपचार’ शब्द वाचला. ते म्हणाले, “तो प्रिंटिंगवाल्याने टाकला.”

फोन ठेवण्याआधी त्यांनी आणखी एक सोय सांगितली. मुलगा यायला तयार नसेल तर नऊ हजारांत ‘पिक-अप’. चौघं जण पहाटे साडेचारला घरी येतात, मुलगा झोपेत असताना, त्याला कळायच्या आत गाडीत. इतका वेळ आई काही बोलली नव्हती. ती म्हणाली, “म्हणजे दार मी उघडायचं?”

बाहेर काय दिसलं आहे

बाबांचं म्हणणं सरळ होतं : “मॅडम, शेकडो पालक खोटं बोलतील का?” नाही बोलणार. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे, आणि त्याला उत्तर द्यायला मला त्यांना लांब न्यावं लागलं.

अमेरिकेत अशा केंद्रांचा मोठा धंदा आहे. त्याचं एक मूळ १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनॅनन नावाच्या संस्थेपर्यंत जातं. ती प्रौढ व्यसनींसाठी होती. गोल करून बसायचं आणि एकेकाला सगळ्यांनी मिळून शब्दांनी सोलून काढायचं, हा तिथला ‘खेळ’. तीच रीत पुढे मुलांच्या केंद्रांत शिरली. २००७ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने निवासी केंद्रांतल्या छळाच्या हजारो आरोपांची नोंद घेतली. २००५ या एकाच वर्षात तेहतीस राज्यांत १,६१९ कर्मचारी अशा घटनांत सापडले होते. डिसेंबर २०२४ मध्ये कुठे याविषयी केंद्रीय पातळीवर कायदा झाला. हे मी बाबांना सांगितलं, पण भर दिला नाही. छळाच्या बातमीवर ‘आमचं केंद्र तसं नाही’ हे उत्तर लगेच येतं, आणि ते खरंही असू शकतं. माझा प्रश्न साधा होता : छळ होत नसेल असं धरू या, पण उपयोग होतो याला आधार काय?

आधार म्हणून २००६ सालचा एक मोठा अभ्यास पुढे केला जातो. जवळपास हजार मुलं, नऊ केंद्रं, दाखल होताना आणि बाहेर पडताना प्रश्नावल्या. बहुतेकांत चांगली सुधारणा. ऐकायला भक्कम वाटतं. पण ती नऊही केंद्रं एकाच कंपनीची, अभ्यासाचा खर्चही तिचाच, आणि तुलनेला घरी राहिलेल्या तशाच मुलांचा गट नव्हता.

तुलनेचा गट का हवा, हे बाबांना त्यांच्याच टाक्यांवरून सांगितलं. ॲडमिशनचा विचार कधी आला? टाके पडल्यावर. म्हणजे सगळ्यात वाईट आठवड्यात. आईबाप मुलाला केंद्रात नेतात ते तो शिखरावर असताना. ताप एकशे तीन चढल्यावर आपण डॉक्टरकडे जातो तसे. शिखरावरून पुढची वाट बहुतेक वेळा खालीच असते, औषध घ्या नाहीतर नका घेऊ. त्यात सहा महिन्यांत मुलगा सहा महिन्यांनी मोठा होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. फांदी कावळ्याने मोडली की ती मोडायलाच आली होती, हे ठरवायचं तर शेजारची, कावळा न बसलेली फांदी बघावी लागते.

बाबा म्हणाले, “पण वाईट तर नाही ना होणार? झाला तर फायदाच.”

इथे मी त्यांना केंब्रिज-सॉमरव्हिलची गोष्ट सांगितली. मला या विषयात हिच्याइतकी अस्वस्थ करणारी दुसरी गोष्ट माहीत नाही. अमेरिकेत बोस्टनजवळच्या या दोन शहरांत १९३९ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात ५०६ मुलगे होते. सारख्या वयाच्या, सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतला कोण मदतीच्या गटात जाईल हे नाणं उडवून ठरवलं. मदत म्हणजे खरोखर मदत : घरी येणारे समुपदेशक, शिकवण्या, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. सरासरी पाच वर्षं चालली. कोणाला मारलं नाही, कोंडलं नाही. हेतूबद्दल शंका घ्यावी असं काही नव्हतं.

तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधक बाईंनी ती मुलं, आता मध्यमवयीन पुरुष, शोधून काढली. १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश म्हणाले, त्याचा आम्हाला फायदा झाला. काहींना समुपदेशकांची नावं आठवत होती. आणि आकडे? दारूचं व्यसन, मानसिक आजार, लवकर मृत्यू, पुन्हा पुन्हा गुन्हे, यांत मदत मिळालेला गट त्याच्या जोडीदारांपेक्षा वाईट निघाला. पुढे आणखी खोलात गेल्यावर दिसलं की सगळ्यात जास्त नुकसान झालं ते एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं. १९९९ मध्ये मकॉर्ड आणि टॉमस डिशियन वगैरेंनी त्याचं एक कारण मांडलं : अडचणीतल्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांची प्रेक्षक होतात. एकाने शाळेची काच कशी फोडली ते सांगितलं की बाकीचे हसतात, आणि ते हसणं हेच बक्षीस.

जोड्या लावल्या नसत्या, तर त्या प्रकल्पाकडे दोन तृतीयांश समाधानी माणसांची साक्ष होती. आजच्या भाषेत, भरपूर व्हिडिओ.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मी वहीत तसाच लिहून ठेवला आहे. “म्हणजे ज्याचं वाटोळं झालं त्यालाही बरं वाटलं?”

होय. काहींच्या बाबतीत होय.

एक सांगायला हवं, नाहीतर हे लिखाणही पत्रकासारखंच होईल. मुलाला घराबाहेर ठेवणं नेहमीच चूक नसतं. जीव द्यायचा विचार पक्का झालेला मुलगा, भ्रम होणारी मुलगी, किंवा मारहाण ज्या घरातच होते ते घर. तिथे दाखल करावंच लागतं, कधी त्याच रात्री. पण तिथे निदान असतं, डॉक्टर असतात, मुक्काम शक्य तितका छोटा असतो आणि घरच्यांना बाहेर ठेवत नाहीत. ‘हट्टी’ हे निदान नव्हे.

मग काय केलं

खरं सांगायचं तर फार भारी काही नाही. घरी जाऊन, कुटुंबासह काम करण्याच्या पद्धती परदेशात आहेत. त्यात एका थेरपिस्टकडे चार ते सहाच कुटुंबं असतात आणि तो रात्रीबेरात्री फोन उचलतो. त्यांचे पुरावे निवासी केंद्रांपेक्षा बरे आहेत, जरी संशोधक ज्युलिया लिटेल यांच्या परीक्षणाने त्यातल्या सर्वांत गाजलेल्या पद्धतीच्या दाव्यांनाही चांगलाच चिमटा काढला. माझ्याकडे चार कुटुंबं नाहीत, चौदाशे मुलं आहेत.

पहिल्यांदा सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय. आई डबे लवकर आटपून, सकाळी गाडीत उभी राहून त्याला घेऊन गेली. तीन फेऱ्या झाल्या. निघालं ते नैराश्य. या वयात ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, हे डॉक्टरांनी बाबांना समजावलं. वाचनाचा वेग कमी होता म्हणून अध्ययन अक्षमतेची चाचणीही झाली. मला खात्री होती की प्रमाणपत्र मिळेल आणि बोर्डात जादा वेळ मिळेल. नाही मिळालं, तो त्या व्याख्येत बसला नाही. माझा अंदाज चुकला.

बाबांनी तीन महिन्यांसाठी दिवसपाळी मागून घेतली. त्यासाठी त्यांना कोणाकोणाच्या विनवण्या कराव्या लागल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही, आईने सांगितलं. मोबाइलचे नियम तिघांनी एका कागदावर लिहिले. पहिला कागद चार दिवसांत फाटला, दुसरा टिकला. दुसऱ्यात बाबांच्या मोबाइललाही वेळ ठरली होती. साडेचार हजार फेडायला ओंकार रविवारी डबे पोचवू लागला, प्रत्येक डब्याला दहा रुपये. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा दोन रात्री गायब झाला. तेव्हा बाबांनी मला रात्री सव्वाअकराला फोन करून विचारलं, “त्या केंद्राचा नंबर आहे का तुमच्याकडे?” मी म्हटलं, तुमच्याकडेच आहे. मग आम्ही अर्धा तास टागोर नगरातल्या त्या मित्राच्या आईचा नंबर शोधत बसलो.

सापडला. ओंकार तिथेच होता. आजोबांचं वर्षश्राद्ध त्या आठवड्यात होतं आणि त्याला घरात थांबायचं नव्हतं. एवढं वाक्य काढायला त्याला तीन भेटी लागल्या.

आज

दहावी पास झाला, एकोणसाठ टक्के. आयटीआयला फिटरचा ट्रेड घेतला आहे. औषध डॉक्टरांनी बंद केलं. व्हेपचं मी विचारत नाही, तो सांगत नाही. बाबांना ढकलण्याचा प्रकार पुन्हा झाला नाही, आवाज चढण्याचा दर आठवड्याला होतो.

जूनमध्ये बाबा पेढे घेऊन आले. “मॅडम, तुमच्यामुळे. मी लिहून देतो, शाळेच्या फलकावर लावा.” मी पेढा घेतला आणि लिहून घ्यायला नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. मी जे प्रश्न स्पीकरवर त्या व्यवस्थापकांना विचारले होते तेच मला लागू होतात. मुलगा एक. तुलनेला कोणी नाही. सुधारला हे ठरवणारे मी आणि पालक. औषधाने, दिवसपाळीने, डब्यांनी, की नुसतं वर्ष उलटल्याने? मीही कावळाच असू शकते.

शाळेच्या वार्षिक अहवालात या मुलांसाठी एक तक्ता असतो. शेवटच्या रकान्यात दोनच पर्याय : ‘सुधारणा झाली’ आणि ‘सुधारणा झाली नाही’. ओंकारच्या नावापुढे मी पेन्सिलीने लिहिलं, ‘बरा आहे. कशामुळे ते सांगता येत नाही.’ मुख्याध्यापकांनी ते खोडून पहिल्या पर्यायावर खूण केली. अहवाल शिक्षण विभागाकडे तसाच गेला.

केंद्राचे मेसेज बाबांना अजून येतात, दिवाळीआधी दहा टक्के सवलत. त्यांनी तो नंबर ब्लॉक केलेला नाही. माहितीपत्रक घरी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. मी आईला विचारलं, टाकत का नाही? ती पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, “असू दे मॅडम. धाकटी सातवीत गेलीय.”